सतरा नंबरचे आठ महिने

"सतरा नंबर यादीत खाली टाका. आठ महिने पाणी आहे त्यांच्याकडे, मजा आहे."

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून साहेबांचा आवाज आला. त्यांच्यासमोर नकाशे काढणारे काका उभे असणार, कारण लगेच काकांचं उत्तर ऐकू आलं. "येवढी मजा हाय तं मीच जातो साहेब तिकडं ऱ्हायला. आमच्याकडं नळ येतो अर्धा तास, त्यात पन सासू-सुनंची मारामारी."

दोघं हसले. मी पार्टिशनच्या अलीकडे तक्त्यात आकडे भरत बसले होते. पेन कागदावर तसंच टेकून राहिलं आणि तिथे शाईचा ठिपका पसरला. सतरा नंबरच्या गावाचं पाहणीचं कार्ड मी भरलं होतं. 'पाणी किती महिने पुरतं' या प्रश्नापुढचा आठ मी लिहिला होता. तो खोटा आहे हे ऑफिसात फक्त मला माहीत होतं.

आमचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली दिवसभर लेथ मशीन चालायचं. त्याची थरथर टेबलातून कोपरापर्यंत यायची. कोरड्या भागातल्या गावांची जमीन वाचवण्याचे आराखडे करणारी ती छोटी संस्था. साहेब, गावोगाव फिरणारे एक सर, नकाशांचे काका आणि मी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मला नोकरी मिळाली ती इंग्रजीमुळे, कारण अहवाल इंग्रजीत जायचे. मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "नीट लिहिता येतं ना? बोलायचं काम फारसं नाही इथे." दुसऱ्या कुठल्या मुलीला हे ऐकून वाईट वाटलं असतं. मी डोंबिवलीला परत जाईपर्यंत त्या एका वाक्यावर खूश होते.

बोलायचं म्हटलं की मी वाक्य मनात जुळवत राहायचे आणि तोवर विषय बदललेला असायचा. शाळा इंग्रजी, घर मराठी, आणि दोन्हीकडे मी अर्धीच पोचले होते असं वाटायचं. कॉलनीतल्या मुली मला कॉन्व्हेंटवाली म्हणायच्या, मी शिष्ट आहे असं समजायच्या. ऑफिसातही पहिले काही महिने सगळे तसंच समजले असावेत. डबा मी टेबलावरच खायचे, एकटी, समोर नकाशा ठेवून. नकाशा समोर असला की माणूस कामात आहे असं दिसतं.

वाळवंट म्हणजे वाळू आणि उंट, एवढंच मला शाळेच्या पुस्तकातून माहीत होतं. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात ते पुसून टाकलं. ते म्हणाले, वाळू कुठून चालत येत नाही. आधी माळावरचं गवत जातं, मग गुरं मुळं उपटून खातात, मग दोन जोराचे पाऊस येतात आणि वीतभर माती ओढ्यात जाते. त्या वीतभर मातीला किती पिढ्या लागल्या असतील ते कुणी मोजलेलं नाही. खाली दगड राहतो. दगडावर पाऊस पडतो तसाच वाहून जातो, म्हणून विहिरी आटतात. "हे होताना आवाज होत नाही," ते म्हणाले. त्यानंतर मी इस्टेटच्या मागच्या डोंगराकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले. तिथे एक बाजू खणून काढलेली होती आणि पावसाळ्यात आमच्या गेटसमोरचं गटार लाल व्हायचं. इतका पाऊस पडणाऱ्या ठाण्यातसुद्धा माती जात होती. कुणाला सांगावं असं वाटायचं, पण सांगणार कुणाला? आईला एकदा सांगितलं. ती म्हणाली, "बरं. भाजी गरम करून घे."

त्या वर्षी आमच्याकडे घाटावरच्या, पर्जन्यछायेतल्या एका तालुक्यातली बावीस गावं होती. गावांना आम्ही नंबर दिले होते, कारण नकाशावर नावं मावत नव्हती. पहिल्या टप्प्यात सहाच गावांत काम होणार होतं. बांध, चर, गवताची लागवड, चराईला बंदी, विहिरींचं पुनर्भरण. बाकीच्यांनी थांबायचं. दुसरा टप्पा कधी होईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, झाला तर पाचसात वर्षांनी.

सहा गावं निवडायची कशी, यावर साहेबांचा एक ठाम विचार होता आणि तो मला आधी क्रूर वाटला. जी जमीन पूर्ण गेली आहे तिथे आधी जायचं नाही. जी चांगली आहे तिथेही नाही. मधली गावं शोधायची, जी आत्ता घसरताहेत, जिथे उताराच्या डोक्याकडच्या शेतांत अजून माती आहे आणि आत्ता हात दिला तर ती राहील. "सगळ्यात आजारी माणूस पहिला, हे दवाखान्यात ठीक आहे," ते म्हणायचे, "इथे आपल्याकडे सहाच खाटा आहेत." म्हणून तक्ता होता. मातीची जाडी, उतार, उपग्रहाच्या फोटोत दिसणारी हिरवळ, चराई, सरपणासाठी किती लांब जावं लागतं, पाणी किती महिने, लोक श्रमदानाला तयार आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण. ते भरायचे, बेरीज करायची, क्रम लावायचा. हे काम मला आवडायचं. आकड्यांशी बोलावं लागत नाही.

सतरा नंबरला मी जानेवारीत गेले होते, फिरतीच्या सरांबरोबर. एरवी मला कुणी नेत नसे. पण कार्डावर दोन प्रश्न बायकांना विचारायचे होते, पाण्याचा आणि सरपणाचा, आणि मागच्या वेळी सरांनी ते पुरुषांनाच विचारून भरले म्हणून साहेब चिडले होते. सर देवळात माणसांबरोबर बसले. मला एका घराच्या ओट्यावर सात-आठ बायकांसमोर सोडून दिलं.

मी कार्डाकडे बघूनच विचारलं, "पाणी किती महिने पुरतं?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, "आठ म्हैने हाय की. लई हाय पानी."

"आठ?" मी म्हटलं.

"आवं, नऊ लिवा," दुसरी म्हणाली आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. "आमच्या गावाला काय कमी न्हाई बाई. चा घ्या."

मी आठ लिहिलं. चहा आला. पितळी ताटलीत कप, आणि शेजारी काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या. मी पाणी थोडं प्यायले आणि उरलेलं, कुठे टाकावं कळेना म्हणून, ओट्याच्या कडेला ओतलं. एका बाईचा हात पुढे आला आणि अर्ध्यात थांबला. ते मी तेव्हा पाहिलं, त्याचा अर्थ तासाभराने लागला.

मला घरामागे, आडोशाला जायचं होतं. घरातली एक सून, माझ्याच वयाची असेल, माझ्याबरोबर आली. वाट माळावरून जात होती. आमच्या भिंगाखालच्या उपग्रहाच्या छायाचित्रांत जिवंत हिरवळ लाल दिसते आणि सतरा नंबरवर भरपूर लाल ठिपके होते. ते ठिपके आता समोर उभे होते. सगळी वेडी बाभूळ, काट्यांची, माणसाच्या उंचीची. तिच्याखाली गवताची एक काडी नव्हती. गुरंही तिथे उभी राहत नव्हती.

बाभळी संपल्या तिथे विहीर होती. मी वाकून पाहिलं. खाली तळाला चार बायका बसल्या होत्या. एक कपारीतून झिरपणारं पाणी वाटीने घागरीत भरत होती, बाकीच्या आपली पाळी येईपर्यंत बसून होत्या. वाटीचा दगडावर घासण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. मी ओट्यावरून ओतलेलं पाणी मला आठवलं.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. "दिवाळी झाली की आसंच," ती म्हणाली. मग घाईने, "पन ताई, तुमी लिवलंय ते तसंच ऱ्हाऊ द्या हां. पाडवा झाला की माझ्या दिराला बगाया पावनं येनार हायत. गावात पानी न्हाई कळलं तर कोन पोरगी दील? तीन ठिकानी मोडलंय आदी. कागुद कुटं कुटं जातोय, कुनाला ठावं."

मला सांगायचं होतं की हा कागद ठाण्याला जाणार आहे, लग्न जमवणाऱ्यांच्या हातात पडणार नाही. मला सांगायचं होतं की याच आठच्या आकड्यावर त्यांच्या गावात बांध होणार की नाही हे ठरेल. एवढी लांब वाक्यं मी अनोळखी माणसासमोर कधी बोलले नव्हते. मी मान हलवली.

"मला बी आसंच सांगितलं हुतं," ती म्हणाली आणि हसली. काय सांगितलं होतं हे मी विचारलं नाही. ती परत जाताना माझ्या पुढे चालत होती आणि तिच्या टाचा भेगाळलेल्या होत्या, आतपर्यंत.

गाडीत सर म्हणाले, "काय, बायकांनी बोलायला दिलं का?" मी म्हटलं, हो. ते झोपले.

त्या दिवसापासून तो आठ माझ्याबरोबर राहिला. काकांच्या त्या विनोदाच्या दिवशी मी दुपारी तक्ता पुढे ओढला आणि पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, आठच्या जागी चार धरून बेरीज केली. त्या लाल ठिपक्यांचे गुणही बाभूळ वगळून पुन्हा लावले. सतरा नंबर एकोणिसाव्या जागेवरून तिसऱ्या जागेवर आलं. साहेब शोधत होते ते मधलं गाव हेच होतं. डोक्याकडच्या शेतांत माती होती, जानेवारीच्या फेरीत ती मी पाहिली होती, हातात घेतली होती. आणि त्याच वेळी गवत संपलं होतं. दुसऱ्या टप्प्यापर्यंत ती माती तिथे नसणार हे समजायला मला साहेबांची गरज नव्हती. मी पेन्सिलीचे आकडे खोडले. कागदावर खोडल्याची भुरकट जागा राहिली.

सरळ सांगून टाकायला काय हरकत होती? आज मला तसं वाटतं. तेव्हा दोन गोष्टी आड येत होत्या आणि मी त्या एकमेकींच्या मागे लपवत होते. एक, मी त्या सुनेला मान हलवून शब्द दिला होता. दोन, मला स्वतःची चूक चार माणसांत सांगायची भीती वाटत होती. घरी जाताना मी पहिलं कारण उगाळायचे, कारण ते चांगलं दिसायचं.

काकांना काहीतरी कळलं असावं. ते ठाण्याच्याच खाडीकडच्या एका जुन्या गावातले. घरची मिठागरं गेलेली, शेतीवर बिल्डिंगी उठलेल्या. एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी डबा घेऊन आले आणि न विचारता बसले. "काय गो, रोज येकलीच जेवतस? नकाशा काय घास भरवतो काय?"

मी हसले. त्यांनी त्यांच्या डब्यातला सुक्या बोंबलाचा तुकडा माझ्या झाकणात टाकला. मग कुठल्या तरी गोष्टीवरून पाण्याचा विषय निघाला.

"आमचे गावान इहिरीचा पानी खारट," ते म्हणाले. "पोरी देयाला कोन तयार नसायचा. मंग पाव्हने बघायला येयाचे त्या दिवशी पलीकडचे गावातून गोड्या पान्याचा हंडा आनायचा, नि पाव्हन्यांना तेच पाजायचा. सगल्या गावाला ठाऊक, कोन बोलाचा नाय. माजे सासऱ्याला पन तसाच फसवला."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! लगीन झाल्यावर दुसरे दिवशी बायकोनं चहा केला, येक घोट घेतला नि थुकला. अजून बोलते मला. चालीस वर्सं झाली, नातवाला पन सांगते, तुजा आजा खारट हाय."

मी मोठ्याने हसले, ऑफिसात बहुधा पहिल्यांदा. काका खूश झाले. त्या क्षणी मी त्यांना सांगू शकले असते. शब्द ओठांपर्यंत आले होते. खाली लेथ सुरू झालं, काकांनी डबा बंद केला, "चल, कामाला लाग" म्हणाले, आणि ती वेळ गेली.

शेवटी मी लिहिलं. लिहिणं हे माझं सुरक्षित ठिकाण होतं. इंग्रजीत एक चिठ्ठी टाइप केली की काही कार्डांवरची, विशेषतः सतरा क्रमांकाची, पाण्याविषयीची माहिती आणखी पडताळणीस पात्र असू शकते. वाक्य फार छान झालं होतं. त्यात मी नव्हते, विहीर नव्हती, वाटी नव्हती. साहेबांनी ती उभ्या उभ्या वाचली. "पडताळणी तर सगळ्याचीच करायला हवी," ते म्हणाले, "पण फोटो आणि कार्ड दोन्ही एकच सांगताहेत ना?" आणि ती फायलीत लावून टाकली. मी थँक यू म्हटलं. जागेवर येऊन बसल्यावर मला माझ्या इंग्रजीची पहिल्यांदा लाज वाटली.

यादी पक्की करायची बैठक मार्चमध्ये, एका शनिवारी झाली. पंखा चालू होता म्हणून नकाशाच्या चार कोपऱ्यांवर आम्ही चार वस्तू ठेवल्या होत्या, पंचिंग मशीन, भिंग, सरांची डायरी आणि काकांची शाईची बाटली. साहेब एकेक नंबर वाचत होते आणि काका त्या गावावर हिरव्या तिरक्या रेघा मारत होते. शाईच्या रेघा खोडता येत नाहीत. ट्रेसिंग पेपरवरून ब्लेडने खरवडाव्या लागतात आणि कागद फाटतो, म्हणून काका प्रत्येक रेघेआधी साहेबांकडे एकदा बघायचे.

चार. नऊ. दोन. अकरा. पाचवं गाव वीस नंबर. काकांनी पेन बाटलीत बुडवून बाटलीच्या काठाला निथळवलं.

"आणि सहावं सात नंबर," साहेब म्हणाले. "कुणाला काही म्हणायचंय?"

हा प्रश्न ते प्रत्येक बैठकीच्या शेवटी विचारायचे, विचारतानाच चष्मा काढून त्याच्या काड्या मिटायचे आणि उठायला लागायचे. त्याला कधी कुणी उत्तर दिलेलं मी पाहिलं नव्हतं. सर म्हणाले, "चहा सांगू का खाली?" चष्म्याची एक काडी मिटली.

मी काहीतरी म्हटलं. मला स्वतःलाही ते ऐकू आलं नाही, खालून लेथचा आवाज येत होता. सर दाराकडे निघालेच होते. साहेबांची दुसरी काडी मिटली. काकांनी मात्र माझ्याकडे पाहिलं आणि पेन परत बाटलीवर धरलं.

"थांबा साहेब," ते म्हणाले. "पोरगी कायतरी बोलते."

तिघं माझ्याकडे बघत होते. मी नकाशावरच्या सतरावर बोट ठेवलं, म्हणजे कुणाच्या चेहऱ्याकडे बघावं लागणार नाही. त्या सुनेची मी मनात माफी मागितली. मग तिच्यासाठी एक वाट सुचली आणि त्या वाटेनेच मला धीर दिला, एरवी मी पुन्हा मान हलवून गप्प बसले असते.

"सतरा नंबरचे आठ महिने खोटे आहेत," मी म्हटलं. "ते मी लिहिलेत. विहीर मी स्वतः पाहिली, दिवाळीनंतर तिच्यात पाणी नसतं, बायका तळाला बसून वाटीने भरतात. फोटोतलं लाल म्हणजे सगळी वेडी बाभूळ आहे. वरच्या शेतांत माती अजून आहे, पण ती थांबणार नाही. त्याला सहात घ्या. आणि अहवालात कुठेही गावाचं नाव छापू नका, साहेब, नंबरच राहू द्या. तिथे एका मुलाचं लग्न जमायचंय."